लाल पकडायचा, हिरवा सोडायचा

आमच्या घरी व्हिडिओ गेम आला तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आणि आल्या आल्या देवासमोर जाऊन बसला. मामा बोटीवर नोकरीला होता. वर्ष-दीड वर्षानं उगवायचा आणि बॅगेतून काय काय काढायचा. या खेपेला त्यानं एक काळा चपटा डबा काढला, त्याला वायरीनं जोडलेली एक जॉयस्टिक आणि एक कॅसेट. दुसऱ्या दिवशी पाटीवरच्या सरस्वतीशेजारी आमची पुस्तकं, बाबांचे पक्कड-पाने, आईची शिवणाची कात्री आणि त्यांच्या रांगेत तो डबा, हळदकुंकवाची बोटं लावलेला. पूजेतल्या वस्तूला त्या दिवशी हात लावायचा नाही, असा आमच्याकडे नियम. पुस्तकांच्या बाबतीत तो मी वर्षानुवर्षं अगदी मनापासून पाळत आले होते. त्या दसऱ्याला मात्र मी आणि माझा धाकटा भाऊ दिवसभर त्या डब्यासमोर मांडी घालून बसलो. आईला वाटलं, पोरं देवाच्या नादाला लागली.

मी तेव्हा तेरा वर्षांची, तो अकराचा. बोरिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर आमचं घर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, आणि बाहेरच्या खोलीत लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. गेम खेळायचा तर टीव्हीच्या मागचे दोन स्क्रू सैल करून अँटेनाची चपटी वायर काढायची, तिथे गेमची वायर लावायची, आणि साडेसातच्या बातम्यांच्या आत सगळं पुन्हा होतं तसं करायचं. हे काम बाबा स्वतः करत. बातम्या चुकलेल्या त्यांना चालत नसत.

मामानं आणलेल्या कॅसेटमध्ये वरून विमानं यायची आणि खालून आपण गोळ्या मारायच्या. दोन दिवसांत ही बातमी आख्ख्या बिल्डिंगमध्ये पसरली. चारला शाळा सुटली की आमच्या दाराबाहेर चपलांचा ढीग. सात-आठ पोरं, सगळी भावाच्या वयाची, आणि त्यांनी आपला आपण कायदा केलेला: एकाला तीन लाइफ, मेला की पुढचा. मी त्या घरची मोठी मुलगी, पण माझा नंबर शेवटी. का, तर म्हणे तुला येत नाही. येणार कसं, हातात मिळाल्याशिवाय? माझा नंबर येईपर्यंत बाबा स्क्रूड्रायव्हर घेऊन उभे असायचे. तीन आठवड्यांत जॉयस्टिक माझ्या हाती फार तर चार वेळा आली असेल, त्यातही एकदा अर्ध्यात लाइट गेले. बाकी सगळा वेळ मी दिवाणावर बसून दुसऱ्यांची विमानं पडताना बघत होते, आणि मध्येच उठून त्यांना पाणी आणून देत होते. त्या पाण्याचा राग मला अजून येतो.

दिवाळीत बाबांनी आणखी एक कॅसेट घ्यायचं कबूल केलं. स्टेशनच्या पलीकडे, पश्चिमेला एक दुकान निघालं होतं, तिथे गेमच्या कॅसेटी मिळत. कुठली घ्यायची हे पोरांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं: गाड्यांची रेस. भावानं ती मालाडला एका मित्राकडे बघितली होती आणि झोपेतसुद्धा तो गिअर टाकत होता. मला कुणी विचारलं नाही.

मग आली भाऊबीज. आमच्याकडे भाऊबीजेची एक ठरलेली नोट होती. बाबा ती सकाळी भावाच्या मुठीत सारायचे, तो ती माझ्या ताटात टाकायचा, आणि संध्याकाळी आई ती ‘नीट ठेवते’ म्हणून घेऊन जायची. पुढच्या वर्षी बहुधा तीच नोट परत यायची. त्या वर्षी तो आंघोळ करून, टोपी घालून पाटावर बसला. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, निरांजन पेटवलं आणि ताट हातात धरून तशीच उभी राहिले. म्हटलं, मला नोट नको. नवी कॅसेट मी निवडणार, ती माझी ओवाळणी. कबूल असेल तर ओवाळते.

आईनं डोळे वटारले. ताट हातात घेऊन कुणी अडून बसतं का, असं तिचं म्हणणं. मी बसले. भावाला समोर चकल्या दिसत होत्या आणि ओवाळल्याशिवाय एकही मिळणार नव्हती. त्यानं थोडा वेळ चकल्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“बरं, दिली. आता ओवाळ ना लवकर.”

तो हे इतक्या सहज म्हणाला, कारण त्याची खात्री होती की मी शेवटी गाड्याच घेणार. त्या रविवारी बाबांबरोबर आम्ही पश्चिमेला निघालो तेव्हा पूल चढताना आणि उतरताना तो मला फक्त गाड्यांचीच थोरवी सांगत होता. कशा वळतात, कशा आपटतात, टक्कर झाली की कसला झकास आवाज येतो. मी ऐकत होते, आणि जितकं ऐकत होते तितकं माझं गाड्यांवरचं मन उडत होतं. गाड्या आणल्या की तीच पोरं, तोच चपलांचा ढीग, आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. मला दुसरं काही नको होतं. मला नुसता माझा डाव हवा होता, सबंध, कुणी मागे उभं न राहता.

दुकानात काचेच्या कपाटात कॅसेटी मांडलेल्या होत्या. गाड्यांच्या तर दोन होत्या. काउंटरवर कलर टीव्ही होता. आमच्या ओळखीत तेव्हा फार थोड्यांकडे कलर टीव्ही होता, त्यामुळे मी आधी नुसती रंगच बघत राहिले. दुकानदार एकेक कॅसेट लावून दाखवत होता. चौथी की पाचवी लावली आणि मी थांबा म्हटलं. निळ्याशार आकाशातून चेंडू पडत होते, एक लाल, एक हिरवा, आणि खाली एक पिवळी टोपली इकडून तिकडे धावत होती. लाल पकडायचा, हिरवा सोडायचा. लाल सुटला किंवा हिरवा पकडला, तर एक लाइफ गेली. इतकं सोपं, आणि इतकं देखणं. मी म्हटलं, हीच. भावाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. दुकानदारानं सांगितलं, आवडली नाही तर आठ दिवसांत आणा, दुसरी देतो.

घरी पोरं वाट बघतच होती. बाबांनी वायर लावली, मी कॅसेट घातली, आणि सगळ्यांच्या देखत जॉयस्टिक हातात घेतली. ओवाळणी माझी, पहिला डाव माझा.

राखाडी आकाशातून एक राखाडी चेंडू पडला.

मग दुसरा. तोही राखाडी. लाल कुठला, हिरवा कुठला, कुणाला काही कळेना. आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट आहे ही गोष्ट दुकानात मला आठवली नव्हती, भावाला नव्हती, आणि जे रोज तो टीव्ही स्वतःच्या हातानं उघडत होते त्या बाबांनासुद्धा नव्हती. अर्ध्या मिनिटात माझ्या तिन्ही लाइफ गेल्या. पोरं हसून हसून दिवाणावर लोळली. एक म्हणाला, ताई, ब्राइटनेस वाढव, लाल होईल. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. आणि ती खरं तेच बोलत होती, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

मी शहाणी असते तर त्याच संध्याकाळी बदलून आणली असती. पण मी ताट हातात धरून मिळवलेली वस्तू अशी लगेच परत करणाऱ्यातली नव्हते. मी जाहीर केलं की हा गेम खेळता येतो, आणि मी तो खेळून दाखवणार. पोरं दोन दिवस आली, विमानांची कॅसेट लाव म्हणाली. मी लावू दिली नाही. तिसऱ्या दिवशी ती खाली रबरी चेंडूनं क्रिकेट खेळायला निघून गेली. भाऊ मात्र गेला नाही. तो दिवाणावर पालथा पडून गोष्टीचं पुस्तक वाचायचा आणि पान उलटताना ‘काय वेडेपणा’ असं पुस्तकाला सांगायचा.

आणि मी, खरं सांगते, सुखात होते. चारपासून साडेसातपर्यंत जॉयस्टिक माझी होती. हरत होते, पण माझी मी हरत होते. हरता हरता माझ्या लक्षात आलं की चेंडू दर वेळी त्याच क्रमानं पडतात. पहिला लाल, दुसरा लाल, तिसरा हिरवा, हे कधी बदलत नाही. मग मी गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायला लागले, लालला ला, हिरव्याला हि. प्रत्येक नवा चेंडू म्हणजे एक जुगार. चुकलं तर एक लाइफ जायची, पण तो कुठला ते कळायचं. तिन्ही गेल्या की पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या दिवशी मी अकराव्यापर्यंत पोचले, सहाव्या दिवशी अठराव्या. पुढे चेंडू भराभर पडायला लागायचे आणि वहीत बघायला वेळच मिळायचा नाही. वहीत बघितलं की टोपली चुकायची, टोपलीकडे बघितलं की वही.

आठवा दिवस उजाडला. बदलायची तर आजच. त्या दुपारी मी पंचवीस-तीस डाव तरी खेळले असेन आणि एकदाही विसाव्याच्या पुढे गेले नाही. शेवटी मी जॉयस्टिक आपटली, वहीचं पान फाडलं, त्याचे तुकडे केले आणि रडायला लागले. हरले म्हणून नव्हते रडत. आता गाड्या येणार, पोरं येणार, आणि मी पुन्हा शेवटी, हे मला दिसत होतं. कॅसेट काढून भावाच्या पुस्तकावर टाकली आणि म्हटलं, जा, बदलून आण. गाड्या आण.

तो उठून बसला.

“नक्की ना? ओवाळणी आहे तुझी. मागनं बोलायचं नाही.”

मी म्हटलं, जा म्हणते ना. त्यानं चप्पल घातली आणि गेला. तेव्हा पाच वाजले होते. पूल ओलांडून जायला-यायला अर्धा तास पुष्कळ झाला. साडेपाच झाले, सहा झाले, सव्वासहाला आई गॅलरीत जाऊन उभी राहिली. मला वाटलं, दुकानातच गाड्या खेळत बसला असेल. मला त्याचा राग आला आणि मग काळजी वाटली. आईनं मला खाली जाऊन बघून ये म्हटलं, पण तेवढ्यात तो जिन्यात दिसला. सात वाजून गेले होते.

घरात आल्यावर तो सरळ टीव्हीपाशी गेला आणि कॅसेट घातली. मी दिवाणावरच बसून राहिले. पडद्यावर राखाडी आकाश आलं आणि खाली टोपली.

मी म्हटलं, बदलली नाहीस?

“गाड्या नव्हत्या,” तो म्हणाला. त्यानं खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. दुकानाच्या बिलाचा होता. मागच्या बाजूला पेन्सिलीनं, वरपासून खालपर्यंत, ओळींमागून ओळी: ला ला हि ला हि हि ला. अक्षर त्याचं, वेडंवाकडं, आणि शेवटच्या ओळीत तर मुंग्या चालल्यासारखं बारीक झालेलं.

बाकी हकिकत आईनं हळूहळू काढून घेतली. कॅसेट बिघडली आहे, तुमच्या टीव्हीवर लावून बघा, असं त्यानं दुकानदाराला सांगितलं होतं. कलर टीव्हीवर खेळायचं, जेवढे चेंडू लक्षात राहतील तेवढे लक्षात ठेवायचे, मेलं की पेन्सिल मागून लिहायचे, आणि अजून नीट कळत नाही, पुन्हा लावा म्हणायचं. असं दीड तास चाललं. शेवटी दुकानदारानं टीव्हीच बंद केला आणि त्याला बाहेर काढलं. तोपर्यंत त्याचे बावन्न चेंडू लिहून झाले होते.

गाड्या नव्हत्या म्हणे. त्या काचेत दोन होत्या, आणि आठवड्याभरात दोन्ही संपतील असं ते दुकान नव्हतं. मला माझा भाऊ एकदम इतका आवडला की त्याच्याकडे बघायची मला लाज वाटली. मी जॉयस्टिक उचलली.

तो माझ्या बाजूला जमिनीवर बसला, कागद डोळ्यांपुढे धरला आणि वाचायला लागला. ला. ला. हि. ला. हि. हि. त्याचं वाचणं आणि माझी टोपली, दोन्ही हळूहळू जुळत गेली. विसावा गेला, तिसावा गेला. बाबा स्क्रूड्रायव्हर घेऊन मागे येऊन उभे राहिले. साडेसात झाले असावेत, कारण शेजारच्या घरातून बातम्यांचा आवाज यायला लागला, पण बाबा जागचे हलले नाहीत. पन्नास, एकावन्न, बावन्न. कागद संपला. त्याच्या पुढचे तीन चेंडू मी अंदाजानं घेतले, तिन्ही चुकले आणि खेळ संपला.

मेलं की पुढच्याला द्यायची, ही सवय हाताला लागलेली. मी जॉयस्टिक त्याच्यापुढे धरली. त्यानं ती माझ्याकडे परत ढकलली, ते तीन चेंडू कागदावर लिहिले आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागला.