अर्जातलं माझं गाव

बर्लिनमधल्या ज्या आंतरराष्ट्रीय कचेरीत मी नोकरी करते, तिथे परदेशातून आलेल्या प्रत्येकाला दोन वर्षांतून एकदा स्वतःच्या गावी जाण्याची रजा मिळते. तिकीट कचेरीचं, जाण्यायेण्याचे दिवसही रजेतून कापत नाहीत. फक्त रजेचे बहुतेक दिवस अर्जात लिहिलेल्या गावीच काढायचे. बाई असो, पुरुष असो, साहेब असो की माझ्यासारखी फायली पुढे सरकवणारी, नियम सगळ्यांना एकच. याचं मला फार कौतुक होतं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि ते कौतुक उतरलं.

आई कोल्हापुरात एकटी राहते. ऑपरेशननंतर तीन आठवडे तिच्यापाशी कोणीतरी हवं होतं, आणि माझ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. माझी गावची रजा नेमकी त्याच महिन्यात होती. मी उड्या मारत रजेचं काम पाहणाऱ्या बाईंकडे गेले. त्यांनी माझी फाईल उघडली.

"आल्झो... म्हणजे, तुमचं गाव तर नागपूर आहे," त्या म्हणाल्या.

नागपूर माझं सासर. लग्नाआधी मी तिथली फक्त संत्री खाल्ली होती. पण नोकरीला लागले तेव्हा लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते, फॉर्मवर 'मूळ गाव' असा रकाना आला आणि मी बिनदिक्कत नागपूर लिहून मोकळी झाले. कोणी सांगितलं नव्हतं. नवऱ्याने तर तो फॉर्म पाहिलाही नव्हता. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी दर रजेला सरळ आपल्या आईकडे जातो. मी नागपूरला जाते आणि आईच्या वाट्याला शेवटचे चार दिवस येतात. नियमाने मला काहीच कमी दिलं नव्हतं. मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

"गाव बदलता येतं, पण एकदाच," बाई म्हणाल्या. "'माझी सर्वांत जवळची माणसं या गावात आहेत', असं लिहून सही करावी लागेल."

त्या वाक्याखाली सही करायला माझा हात धजेना. सासरी छळ असता तर सोपं होतं. सासूबाईंनी मला जीव लावला आहे. मी येणार म्हटलं की आठवडाभर आधी त्यांची लगबग सुरू होते. दोन दिवस नुसती चिडचिड केली आणि शेवटी त्यांनाच फोन लावला. चोरी कबूल करावी तसं सगळं सांगून विचारलं, "आई, बदलू का?"

सासूबाई जिल्हा परिषदेच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. रजेचे नियम मला त्यांना समजावून सांगावे लागले नाहीत.

"अगं, विचारून काय राहिलीस? आधी बदल," त्या म्हणाल्या. "माझ्याही सर्व्हिस बुकात स्वग्राम म्हणून ह्यांचंच गाव होतं. प्रवास सवलतीची रजा मिळाली की निघालो तिकडे. माझी आई शेवटची आजारी होती ना, तेव्हा मी तिथे लग्नघरात पुऱ्या तळत होते. रजा तिथेच संपली."

मला रडू आवरेना. त्यांची इतक्या वर्षांची नोकरी, आणि हे मला कधीच माहीत नव्हतं.

"मग तुम्ही का नाही बदललंत, आई?"

"बदलता येतं," त्या म्हणाल्या, "हे मला आज तुझ्याकडूनच कळतंय."