हवालदारांना ऐकू न येणारा आवाज

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी पलूसच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. माझं माहेर साताऱ्याचं. नोकरीसाठी पलूसला एक खोली घेऊन राहिले होते. त्या वर्षी शाळेला देणगीतून कॉम्प्युटर मिळाला. उन्हाळ्याच्या सुटीत मी साताऱ्याला बेसिक ही कॉम्प्युटरची भाषा शिकले होते, तेवढ्यावर मुख्याध्यापकांनी तो माझ्या स्वाधीन केला. प्रयोगशाळेशेजारची खोली रिकामी केली, खिडक्यांना पडदे शिवले, चपला बाहेर काढायचा नियम केला. सोबत दोन छोटे स्पीकर आले होते. मागच्या मुलांना ऐकू येईना म्हणून शाळेच्या घंटेची उरलेली वायर जोडून मी ते मागच्या भिंतीवर नेले. माझ्या या कामाचा मला जरा अभिमानच वाटत होता.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आवाज सुरू झाले. एक होता सलग घुमणारा, दूर पिठाची गिरणी चालू असावी तसा. दुसरा अगदी बारीक. माउस हलवला की यायचा, थांबवला की थांबायचा. आणि तिसऱ्याने तर वर्गात खळबळ उडवली. मधल्या सुटीत स्पीकरमधून एक बाई गाऊ लागली. आवाज इतका पुसट होता की भिंतीला कान लावावा लागायचा, पण गाणं होतं हे नक्की. मुलं डबे तसेच ठेवून भिंतीपाशी रांगा लावू लागली. एका मुलीने मला गंभीरपणे विचारलं, ही बाई आतच राहते का?

सांगलीहून दुकानाचा माणूस आला. त्याने आवाज ऐकले, व्हायरस आहे असं निदान केलं आणि सगळं पुसून नव्याने भरून दिलं. मुलांनी काढलेली चित्रं त्यात गेली. आवाज मात्र तसेच राहिले. पुढच्या खेपेला त्याने आतलं साउंड कार्ड बदललं. बाई गातच होती. त्यानंतर तो यायचाच बंद झाला.

मला आता दुरुस्तीपेक्षा कुतूहल जास्त होतं. तिन्ही आवाज मी एका वहीत लिहू लागले: किती वाजता, पंखा चालू की बंद, कॉम्प्युटरच्या पडद्यावर काय चाललं होतं. ती वही पाहून आमचे शिपाईमामा म्हणाले की बसस्टँडमागे एक हवालदार रेडिओ दुरुस्त करतात, त्यांना दाखवा. हे हवालदार मूळचे म्हसवडकडचे, धनगराच्या घरातले. फौजेत सिग्नलमध्ये, म्हणजे वायरलेसच्या कामावर होते आणि पेन्शनीत निघाल्यावर बायकोच्या गावाला येऊन राहिले होते. गावात त्यांना सगळे हवालदारच म्हणत.

मी त्यांच्या दुकानात गेले तेव्हा ते एका उघड्या रेडिओवर वाकले होते. मी दोनदा हाक मारली, मग समोर जाऊन उभी राहिले, तेव्हा त्यांनी मान वर केली. कॉम्प्युटर कधी पाहिला नाही हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. मग वही मागून घेतली आणि शेवटच्या पानापर्यंत वाचली.

"रिपोर्ट चांगला लिहिलाय तुमी," ते म्हणाले. "सकाळी येतो."

ते आले, दारात चपला काढल्या आणि कॉम्प्युटरकडे न बघता थेट मागच्या भिंतीकडे गेले. वायर बोटांनी चाचपत ती कुठून कुठे जाते ते पाहिलं. ही लांबलचक तार म्हणजे एरियलच झाली, असं त्यांनी मला समजावलं. सांगलीचं रेडिओ केंद्र काही फार लांब नाही. तिथलं दुपारचं गाणं तार पकडते आणि स्पीकर ते वाजवतो. त्यांनी माझी जोडलेली वायर काढली, स्पीकर कॉम्प्युटरजवळ ठेवले. त्या दुपारी बाई गायली नाही. मुलं नाराज झाली आणि मलाही चुकल्यासारखं वाटलं. वायर जोडणारी अपराधीही मीच होते.

घुमणारा आवाज त्यांनी स्पीकरवर तळहात ठेवून ओळखला. अर्थिंग न्हाई, म्हणाले. शाळेमागे अर्थिंगचा खड्डा शोधायला आम्हाला तासभर लागला, कारण त्यावर कुणीतरी जास्वंद लावली होती. तार गंजून तुटली होती आणि खाली माती खडखडीत कोरडी. त्यांनी तार घासून पुन्हा जोडली, मीठ आणि कोळसा घालून वर चार बादल्या पाणी ओतलं. आत येऊन पाहतो तर गिरणी बंद.

उरला तो बारीक आवाज. मी माउस हलवला आणि म्हटलं, "हा बघा."

"कुठाय?"

"हा काय, आत्ता येतोय."

ते स्पीकरला कान लावून बसले. मी माउस गोल गोल फिरवत राहिले. मला तर तो आता दारातूनही ऐकू आला असता. क्षणभर वाटलं, चेष्टा करतायत. मग ते उठले, पडद्याची कड सारखी करत खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"बाई, मला बारीक ऐकू येत न्हाई," ते म्हणाले. "तोफखान्याशेजारी लय दिवस काढलं. हे दुकानात कुणाला ठाव न्हाई."

ते परत खुर्चीत येऊन बसले आणि म्हणाले, "आता माझा कान तुमी. आवाज कसा हाय सांगा. नुसतं चिर्र म्हणू नका."

मग त्यांनी माझी परीक्षाच घेतली. सलग आहे की तुटक? जाड की बारीक? मी सांगायचा प्रयत्न करत होते आणि लक्षात येत होतं की इतके दिवस वहीत वेळा लिहिल्या, पण आवाज नीट ऐकलाच नव्हता. शेवटी म्हटलं, रिकाम्या डब्यात वरून मोहरी ओतावी तसा. माउस हळू नेला की मोहरी थोडी पडते, भरकन नेला की भसकन.

हे ऐकून ते खूश झाले. मोहरी आपल्या हातासोबत पडते, म्हणजे आवाज विजेच्या लाइनीतून आलेला नाही, पेटीच्या आतला आहे, असं ते म्हणाले. आत कामाची जी काही कुजबुज चालते, ती कुठल्यातरी उघड्या दारातून स्पीकरकडे जाते. वायरलेस सेटवर जी लाइन वापरात नसेल ती ते कायम बंद ठेवत. इथे अशी काही दारं आहेत का?

होती. आवाज कमी-जास्त करायची चौकट मी उघडली. त्यात माइकची, बाहेरून जोडायच्या टेपची, सीडीची अशा पट्ट्या ओळीने होत्या. माइक नव्हता, टेप नव्हता, तरी सगळ्या पट्ट्या टोकापर्यंत वर. मी एकेक बंद करत गेले आणि दुसऱ्या हाताने माउस हलवत राहिले. टेपच्या पट्टीवर मोहरी थांबली. मी काही बोलायच्या आत माझा चेहरा पाहून ते म्हणाले, "थांबला न्हवं?"

इथेच हे संपलं असतं, पण मला नवाच प्रश्न पडला होता. हवालदारांना बारीक म्हणजे नेमकं कुठून पुढे ऐकू येत नाही? बेसिकमध्ये चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला की कॉम्प्युटरच्या आतला छोटा भोंगा हव्या त्या पट्टीचा सूर काढतो. विचारू की नको असं दोन दिवस चाललं होतं. विचारलं, तर ते लगेच शनिवारी शाळा सुटल्यावर हजर झाले.

मी जाड सुरापासून सुरुवात केली आणि पायरी पायरीने वर गेले. ऐकू आला की ते बोट वर करत. एका पायरीला बोट अर्धंच उठलं, पुढच्या पायरीला हात मांडीवरच राहिला. मी आणखी चार पायऱ्या चढले. खोलीत सूर कर्कश वाजत होता आणि ते कॉम्प्युटरवरचा सुराचा आकडा शांतपणे बघत होते.

"आता वाजतंय?"

"हो."

"जोरात?"

"कानाला टोचेल इतकं."

बोट अर्धं उठलं तिथला आकडा विचारून त्यांनी कागदावर उतरवून घेतला. मग विचारलं, याच्या वरच्या पट्टीत जगात काय काय बोलतं? मी आठवून सांगू लागले: कुकरची शिट्टी सुरू होतानाची सुरसुर, चिमणीची पिल्लं, रातकिडे.

"रातकिडं?" ते म्हणाले. "आवं, ते तर संपलं की. द्राक्षाच्या बागांवर औषधं मारून मारून मेलं सगळं. मी कवापासनं सांगतोय लोकांना."

मी कीबोर्डवरचा हात उचलला. माझ्या खोलीमागेच द्राक्षाची बाग होती, आणि संध्याकाळ झाली की तिथे नुसता कल्लोळ असायचा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हंजे हायत?"

"आहेत काका. खूप आहेत."

ते हसले नाहीत की खंतावलेही नाहीत. कागदाची घडी खिशात घातली आणि घरी गेले. दोन दिवसांनी मी दुकानावरून जात असताना त्यांनी मला हाक मारली. बायकोला विचारलं होतं म्हणे. ती म्हणाली, रोज ओरडतात की. तुम्ही संपले म्हणता तेव्हा मला वाटायचं, तुम्ही म्हसवडच्या रानाचं सांगताय. सात वर्षं दोघं त्याच अंगणात संध्याकाळी बसत होती.

पुढे दर दोन-तीन महिन्यांनी ते शाळेत येत आणि तपासणी करून घेत. मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे जा असं मी सांगितलं, तेही एकदा जाऊन आले. मशीन मिळालं, पण ते त्यांनी आधी खोलून पाहिलं, आणि रातकिडे त्यातूनही ऐकू आले नाहीत. माझी साताऱ्याला बदली झाली त्या आठवड्यात ते शेवटचे आले. आकडा एक पायरी खाली उतरला होता. मला वाईट वाटलं. ते मात्र पेन्सिलीने जुन्या आकड्यांखाली नवा लिहीत म्हणाले, "कोकिळेचा सूर अजून लय खाली हाय. ती जायला वेळ हाय."

मग त्यांनी मला, संध्याकाळी बागेत रातकिडे नेमके कसे ओरडतात ते सांगायला बसवलं. एका दमात ओरडतात की थांबून थांबून, एकच असतो की पुष्कळ, एक थांबला तर बाकीचे थांबतात का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. आज ऐकून उद्या सांगते म्हटलं, आणि त्या संध्याकाळी खोलीचं मागचं दार उघडून पायरीवर जाऊन बसले.