ताटलीतलं गणगोत

मॅडम पहिल्यांदा आमच्या घरी आल्या, तेव्हा त्या माझ्या मुलीसाठी स्थळ घेऊन आल्यात असंच मी धरून चाललो. वरच्या मजल्यावर नुकत्याच राहायला आलेल्या साठीच्या बाई चहा घेता घेता विचारतात, "वहिनींचं माहेर कुठलं? मावश्या किती?" आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं याचा दुसरा काय अर्थ होतो?

मी ताठ बसलो. "हिच्या माहेरी नव्वदीच्या आत कुणी जातच नाही."

"आणि सासूबाई?"

"त्या... काविळीनं. तो अपघातच म्हणा."

बोलताना मॅडम समोरच्या ताटलीतले फुटाणे-शेंगदाणे मांडत होत्या. बाई म्हणजे फुटाणा, पुरुष म्हणजे शेंगदाणा. आजी वर, लेकी खाली. ज्याला कर्करोग झाला, त्याचं साल काढायचं. माझ्या कृपेनं आमचं सगळं गणगोत सालासकट होतं.

"खरं सांगा," त्या म्हणाल्या, "मला सोयरीक नाय करायची."

हे वाक्य त्यांना घरोघरी म्हणावं लागे. मूळच्या पिशोर गावच्या, बोलणं शेवटपर्यंत तिथलंच राहिलं. काम मात्र प्रयोगशाळेत. कुठल्या जनुकातली चूक आईकडून लेकीकडं जाते आणि एकाच घरात कर्करोग पुन्हा पुन्हा का येतो, हे त्या शोधत. आणि घरं तर मुलींची लग्नं अडू नयेत म्हणून नेमकं तेच दडवून ठेवतात.

तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं आईचा फुटाणा उचलला, बोटांत चोळून साल काढलं आणि परत जागेवर ठेवला. मग मावशीचा. "दोघींना छातीत गाठ होती," ती म्हणाली. "बाहेर कुणाला सांगितलं नाही."

मी गडबडीत ताटलीतलं हाताला आलं ते तोंडात टाकलं.

"अवो!" मॅडम ओरडल्या. "सासू खाल्ली तुम्ही!"

हसून झाल्यावर त्या बायकोला हळूच म्हणाल्या, "ताई, तुमचं रक्त तपासून घ्या."

रक्तात तीच चूक निघाली. म्हणजे आजार झालाच असं नाही, पण धोका मोठा. मग नियमित तपासण्या सुरू झाल्या आणि त्यातल्या एकीत, हातालाही लागली नसती अशी बारीक गाठ सापडली. ऑपरेशन, औषधं, गळालेले केस, सगळं झालं. आज बायको पूर्वीइतक्याच जोरात माझ्यावर ओरडते.

त्या दिवसांत मी मॅडमवर एकदा चिडलो होतो. "एवढं शिकलात, तर तो जनुकच दुरुस्त करून टाका की!"

"काचेच्या ताटलीतल्या पेशीत जमतंय थोडंथोडं, भाऊ. माणसात ही चूक दुरुस्त करणं नाय जमलं अजून. लई घाई केली तर जनुकातलं भलतंच कापलं जातं."

"मग कधी?"

"माझ्या हातून नसंल बी व्हायचं," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यात फुटाणे भरून स्कूटीवरून कामाला गेल्या.

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. झोपेतच, हृदय बंद पडून. वर आता दुसरं बिऱ्हाड आहे. ते मावश्यांची चौकशी करत नाही.

परवा फुलंब्रीहून मुलीला बघायला पाहुणे आले. मुलीनं आधीच बजावलं होतं, "बाबा, माझ्या तपासणीचं मी बघते. पण लपवायचं नाही."

मुलाच्या आईनं चहाचा कप खाली ठेवत विचारलं, "ताई, मावश्या किती तुम्हाला?"

मी फुटाणे-शेंगदाण्यांची ताटली पुढं ओढली आणि मांडायला लागलो. घाईत आजेसासूच्या जागी शेंगदाणा गेला, तो बायकोनं बदलला. सासूबाईंचं आणि मावशीचं साल मी काढलं. बायकोनं स्वतःचं स्वतः काढलं. मुलीचा फुटाणा मी सालासकट खाली ठेवला. "हिचं अजून माहीत नाही," म्हणालो.

मुलाचे वडील खिडकीबाहेर बघायला लागले. मग मुलाच्या आईनं एक फुटाणा घेतला, साल काढलं आणि ताटलीच्या कडेला ठेवला.

"माझी आई," ती म्हणाली. "गाठच व्हती. आम्ही पोटदुखी सांगतो."

लग्न जमेल की नाही, ते अजून ठरायचंय. पाहुणे गेल्यावर माझा हात सवयीनं ताटलीकडं गेला.

"राहू द्या," बायको म्हणाली. "आज आईला खाऊ नका."