दोघींनी उचलायचं

वैशाखातल्या दुपारी कूलरच्या ओल्या वाळ्याचा गंध खोलीभर भरून राही आणि त्यात दादांच्या अंगाला चोळलेल्या तेलाचा, उन्हात कडक वाळलेल्या चादरींचा वास मिसळलेला असे. दीर्घ आजारपणाचा म्हणून जो एक उदास दर्प असतो, तो आमच्या अमरावतीच्या घरात कधी शिरलाच नाही. त्याचे श्रेय माझे नव्हे. ते वलगावहून रोज सकाळी बसने येणाऱ्या नलूबाईंचे होते.

दादा म्हणजे माझे वडील. त्यांची सारी हयात वकिलीत गेली. ज्या वाणीवर आयुष्य उभे केले, नेमकी तीच पक्षाघाताने हिरावून नेली. उजवी बाजू निश्चेष्ट झाली. उरले ते मोजके अडखळते शब्द आणि सारे काही उमजणारे डोळे. मी महाविद्यालयात शिकवते, लग्न केले नाही, त्यांच्याजवळच राहते. औषधे देणे, वर्तमानपत्र वाचून दाखवणे माझ्याकडे. पण त्यांना उठवणे, कुशीवर वळवणे, न्हाऊ घालणे हे सारे नलूबाई एकट्या करीत. आमच्या घरात वडिलांविषयी आदर होता, धाकही होता. स्पर्श मात्र नव्हता. कळत्या वयानंतर मी दादांचा हात हातात घेतल्याचे मला आठवत नाही. एका छपराखाली जन्म काढूनही माणसे एकमेकांच्या देहाला इतकी परकी कशी राहत असतील?

एका सकाळी दादांना न्हाणीघरातून खुर्चीवर घेताना नलूबाईंच्या कमरेत कळ आली. तरी त्यांनी हात सोडला नाही. आधी दादांना नीट बसवले आणि मग भिंतीचा आधार घेत स्वतः खाली बसल्या. चेहरा पांढराफटक पडला होता. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आणि यापुढे एकटीने जड उचलू नका, अशी ताकीद दिली. माणसाला उचलणे हेच जिचे काम, तिने यापुढे काय करावे, हे मात्र त्यांनी सांगितले नाही.

चालण्याजोग्या झाल्यावर त्या आल्या, त्या निरोप घ्यायलाच.

"ताई, म्हाताऱ्या मानसाईची घरी सेवा करनाऱ्या बायांसाठी सरकारनं अकोल्याले शिकवनी काढली हाये," त्या म्हणाल्या. "आमच्या गावच्या आशाताईनं सांगतलं. तिथंच राहून शिका लागते. मधात तुमचे हाल होतीन, मले समजते. पन अशीच करत राहिली त माही कंबर कामातून जाईन."

मी पुण्याच्या भावाला फोन लावला. "शिकून आली की मोठ्या दवाखान्यात जाईल," तो म्हणाला. "आपल्याकडे परत कशाला येईल? थांबव तिला." फोनचा स्पीकर चालू होता. भीती माझीही तीच होती.

तेवढ्यात दादांनी डाव्या हाताने पलंगाच्या कठड्यावर थाप मारली. नलूबाईंकडे बघून ते म्हणाले, "जा." मग मान माझ्याकडे वळवून, एकेक अक्षर ओढून काढावे तसे, "जाऊ... दे."

त्यानंतरचे दिवस कठीण गेले. बदली म्हणून ठेवलेला माणूस कधी येई, कधी येत नसे. दादांच्या पाठीवर लाल चट्टा उमटला. ते तक्रार करीत नसत, आणि त्यांचे ते मौन मला अधिक बोचे.

नलूबाई परत आल्या. दवाखान्यात गेल्या नाहीत. आमच्याकडेच आल्या, पण पूर्वीच्या नव्हेत. पिशवीतून दोन्ही बाजूंनी धरून उचलता येईल असा एक रुंद पट्टा काढून त्यांनी तो दादांच्या कमरेभोवती बांधला.

"एकटीनं उचलाचं नाही, असा नियमच शिकवला आमाले," त्या म्हणाल्या. "दोघं पायजेत. आन् इतवारी मी येनार नाही. हप्त्यातून एक सुट्टी घ्याचीच, असं सांगतलं."

"मी दुसरं कुणीतरी बघते," मी म्हणाले.

"काहून? तुमी हाय ना घरी."

शासनाच्या सूचनांची भाषा किती रुक्ष असते! त्या सगळ्यांपर्यंत पोचतही नाहीत. आमच्याच गल्लीत दोघीतिघी अजून एकट्याने माणसे उचलतात आणि रात्री कमरेला शेक घेतात. पण त्यातल्या एका कोरड्या ओळीने त्या सकाळी मला माझ्या वडिलांपाशी आणून उभे केले. नलूबाई एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. दादांनी संकोचाने डोळे मिटून घेतले. त्यांचे ते आक्रसलेले, पाखरासारखे उबदार शरीर उभे राहिले, थरथरले, आणि त्यांचा माथा माझ्या खांद्यावर टेकला. कोर्टात ज्यांच्या पावलांची चाहूल लागताच माणसे सावरून बसत, त्यांचा भार इतका थोडा होता. मी त्यांना घट्ट धरले. आता रोज धरते. हळूहळू ते डोळे मिटेनासे झाले.

पहिल्या सुट्टीनंतरच्या सोमवारी मी नलूबाईंना सहज विचारले, "काल काय केलंत?"

त्या दादांची पाठ पुसत होत्या. "सासूले न्हाऊ घातलं," त्या म्हणाल्या. "ती आता खाटेलेच हाय. वकीलसाहेबाईले रोज न्हाऊ घालत होती मी, पन तिच्या अंगावर पानी घालाले मले सवडच नव्हती. पोरगी करे कसंबसं. काल डोक्यावर ऊन पानी पडलं, त रडली."

त्या इतकी वर्षे आमच्याकडे येत होत्या. त्यांच्या घरातही कुणी अंथरुणाला खिळलेले आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हते, कारण कुणी विचारलेच नव्हते.

दादांनी मान उचलली. "नाव," ते म्हणाले. "काय?"

"सासूचं? पार्वताबाई."

दादांचे ओठ हलले. "पा..." जोडाक्षरापाशी जीभ अडली. नलूबाईंचा हात थांबला. आम्ही दोघी वाट पाहत राहिलो. दादांनी श्वास घेतला, पुन्हा सुरुवात केली, आणि वलगावातल्या त्या न पाहिलेल्या म्हातारीचे नाव शेवटच्या अक्षरापर्यंत पुरे उच्चारले.