झाकणावरचे निखारे

आई स्टोव्हच्या भडक्यात गेली तेव्हा मी शाळा नुकतीच संपवली होती. पंप मारता मारता स्टोव्ह फुटला. मी तिच्यावर घोंगडी टाकली, शेजारी धावले, पण इस्पितळातून ती परत आली नाही.

वडील सरकारी कारखान्यात फिटर होते. त्यांच्या नोकरीसाठीच आम्ही बेळगावहून बंगलोरला आलो होतो. आईनंतर आमच्याकडे चूल पेटली नाही. खानावळीचा डबा येई, तो आम्ही थंडच खात असू. शेजारी कुणी काडी ओढली तरी माझ्या तळहातांना घाम सुटे.

आमच्या मल्लेश्वरमच्या घरामागच्या खोलीत एक कन्नड विधवा राहत. नानकटाई आणि बन करून त्या दुकानांना देत. सगळे त्यांना अक्का म्हणत. एक दिवस त्यांनी मला मैदा चाळायला बोलावलं. शेगडी अंगणात होती आणि मला त्यांनी आतल्या कोपऱ्यात, तिच्याकडे पाठ करून बसवलं. आईबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

बरेच दिवस मी फक्त चाळत होते. मग त्यांनी तूप-साखर फेसायला दिलं. हात भरून येईपर्यंत फेसायचं आणि थेंब पाण्यात तरंगला की थांबायचं. पुढे गोळे वळू लागले. माझे गोळे लहानमोठे होत, त्यामुळे काही करपत, काही कच्चे राहत. म्हणून अक्का पुढचे गोळे भाजण्याआधीच मोडून पुन्हा वळायला लावत. थाळी भरली की ती उचलून अंगणात न्यायच्या त्या स्वतःच.

एकदा त्यांचा पाय मुरगळला. थाळी मला न्यावी लागली. वाळू तापवलेल्या पातेल्यात ती ठेवायची, वर झाकण आणि झाकणावर चिमट्यानं निखारे. पहिलाच निखारा माझ्या हातून जमिनीवर पडला. मी दाराशी पळाले.

"स्वल्प ताळु," अक्का आतून म्हणाल्या. जरा थांब. "भीती जाईल तेव्हा जाईल. निखारा तेवढा उचल."

मी उचलला. त्या दिवशीची नानकटाई खालून काळी झाली, पण पुढच्या खेपेला मी खालचा विस्तव कमी केला. हळूहळू झाकणावर हात धरून आच कळू लागली. वासावरून थाळी काढता येऊ लागली.

मग मी आमच्या स्वयंपाकघरात शेगडी पेटवली. थाळी आत होती, तेवढ्यात वडील कामावरून आले. उंबऱ्यातच थांबले.

"विझव," ते म्हणाले.

"आत नानकटाई आहे. झाली की विझवते."

त्यांनी न्हाणीतून बादली भरून आणली आणि ती हातात धरून दारात उभे राहिले. पाणी त्यांच्या पायांवर सांडत होतं. मी थाळी काढली, निखारे विझवले, तेव्हा कुठे त्यांनी बादली खाली ठेवली.

नानकटाई छान झाली होती. त्यांनी ती खाल्ली नाही.

पुढे मी घरीच भाजून दुकानांना देऊ लागले. लग्नानंतरही त्यावरच माझं घर चाललं. वडील आमच्याबरोबरच असत, पण भाजण्याच्या दिवशी शेगडी गार होईपर्यंत रस्त्यावरच्या कट्ट्यावर बसून राहत. शेवटपर्यंत ते खानावळीचंच जेवले.