केतकीचे साडेसहा फुटी पेशंट

दिंडोरीहून निघताना बायकोने लाडू, मेतकूट आणि एक काम बरोबर दिलं: मुलीला परत आणायचं. केतकी अमेरिकेत फिजिओथेरपी शिकली आणि एका छोट्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचे घोटे बांधायला तिथेच राहिली. एवढी प्रगती बघावी म्हणून द्राक्षाची फवारणी भावावर सोपवून मी विमानात बसलो.

गाव एवढंसं, भोवती कापलेला मका. थंडी अशी, की आपण बागेत शेकोट्या पेटवल्या असत्या.

नोव्हेंबरात यांचा हंगाम सुरू होतो. मोठी कॉलेजं छोट्यांना घरी बोलावतात आणि मनसोक्त हरवतात. याला ते सामना म्हणतात. आपल्याकडे लग्नात मुलीकडच्यांनाही याहून बरी वागणूक मिळते. आम्ही अर्थातच छोटे. बसने तीन तास जाऊन आम्ही मार खायला पोहोचलो. वाटेत जेवण म्हणून गारढोण सँडविच मिळालं. त्यावर मी मेतकूट भुरभुरलं, तर शेजारचा खेळाडू उठून मागे बसला.

स्टेडियममध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, तुमचा मुलगा कोणता? मी केतकीकडे बोट दाखवलं. त्यांनी सहानुभूतीने मान हलवली.

उत्तरार्धात चुकून आमचाच संघ पुढे गेला. तेवढ्यात मार्कस, आमचा सगळ्यात चांगला खेळाडू, डोक्यावर आपटला. तो हसत उठला. केतकीने त्याला बाकावर बसवून काहीबाही विचारलं. आपण कोणत्या गावात आहोत, हे त्याला सांगता येईना. प्रशिक्षक लाल झाले. त्यांना तो आत्ता मैदानात हवा होता. पाच फूट दोन इंचाची माझी मुलगी दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"तो खेळणार नाही," ती म्हणाली.

आम्ही हरलो. परतताना बसमध्ये तिच्याशी कोणी बोललं नाही.

"भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटली, बाबा. म्हणून तर हात पाठीमागे धरले होते."

सकाळी तपासणीत मेंदूला मार लागल्याचं निघालं. पुन्हा आपटला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. दुपारी केतकीला मार्कसच्या आईचा फोन आला. ती नुसती रडत होती.

परदेश पाहून माणूस शहाणा होतो म्हणतात. मी गप्प राहायला शिकलो. घरी पोचल्यावर बायकोने विचारलं, केतकी कधी येतेय? विचारलंच नाही म्हटल्यावर तिने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी मी सगळी हकिगत सांगितली. भाकरी थापता थापता ती थांबली.

"आता बराय ना तो पोरगा?"