फ्यूजचा डबा

किसनमामा रोज जेवणाचे दोन डबे आणायचे. एकात भाकरी, दुसरा रिकामा. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा बियाण्यांचा कारखाना. मामा तिथे वायरमन, मी पॅकिंगची सुपरवायझर. मशीनचं काम करण्याआधी ते बोर्डातले तिन्ही फ्यूज काढून रिकाम्या डब्यात टाकायचे आणि डबा माझ्या टेबलावर ठेवायचे. "ताई, सांभाळा. माझ्याबिगर कोनालाच द्यायचा न्हाई. मलाबी दोनदा इचारा, काम झालं का म्हनून."

मग टेस्टर. तो आधी चालू सॉकेटमध्ये घालून दिवा लागतो का ते बघायचे. "पहिले टेस्टरची परीक्षा, मंग मशीनची. टेस्टरच मेलेला असला तर सगळंच बंद दिसतं."

पॅकिंगवरची मंगल एकदा म्हणाली, "मामा, लग्नात नवरीलाबी टेस्टर लावला असंल."

"लावला की. दिवा लागला. तवापासून जपूनच ऱ्हातो."

त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं तरुणपणीच्या शॉकने कायमची वाकली होती. त्याबद्दल ते एवढंच म्हणायचे, "जल्दी होती मला."

खंडेनवमीला मशीन धुऊन, झेंडूची माळ घालून पूजा करायची आमची रीत. एका वर्षी त्या सकाळीच एका मशीनच्या स्टार्टरची वायर जळाली. मामांनी फ्यूज काढले, डबा माझ्याकडे दिला, स्टार्टरचं झाकण उघडं ठेवलं आणि वायर आणायला ते बाजारात गेले. अकराला शेठ पूजेला येणार होते. साडेदहाला टाकीतलं पाणी संपलं. पाण्याची मोटर त्याच बोर्डावर होती. घरचे फ्यूज मीच बसवते, यात काय मोठं, असं म्हणून मी डबा उघडला. फ्यूज बसवले, मोटर चालू केली. कोणाला सांगितलं नाही.

मंगलला माहीत होतं की डबा ताईंकडे आहे, म्हणजे मशीन बंद आहे. तिने ओलं फडकं घेतलं आणि उघड्या स्टार्टरची कड पुसली.

ती ओरडलीसुद्धा नाही. हात तिथेच चिकटला आणि अंग थरथरायला लागलं. मी तिला ओढायला धावले, तेवढ्यात दारातून मामांचा आवाज आला, "ताई, हात लावू नका!" मेन स्विच दाराशीच होता. त्यांनी तो खाली ओढला. मंगल कोसळली. श्वास नव्हता.

कोणीतरी म्हणालं, "कांदा आणा, नाकाला लावा."

"कांदा भाजीत घाला! ताई, गाडी बोलवा." मामा गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही तळहातांनी तिची छाती दाबू लागले, मोठ्याने आकडे मोजत. तिसाव्या आकड्याला थांबून तोंडाने श्वास द्यायचे, पुन्हा मोजायचे. त्या वाकड्या बोटांकडे बघत मी फोनवर पत्ता सांगत होते. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. मग मंगल खोकली.

ती दवाखान्यात असताना शेठ मला म्हणाले, "वायरमनने झाकण उघडं टाकलं, असं रजिस्टरमध्ये लिहून टाका."

मी मामांकडे गेले. "फ्यूज मी बसवले होते."

त्यांनी पक्कड पुसून खाली ठेवली. "लिहून द्याल?"

लिहून दिलं. शेठ चिडले, महिनाभर बोलले नाहीत, पण नोकरी राहिली. आठ दिवसांनी मंगल हाताला पट्टी बांधून कामावर आली. त्याच दिवशी एक मोटर बिघडली. मामांनी फ्यूज काढले आणि डबा आणून माझ्यासमोर ठेवला.

"आता दुसऱ्या कोणाकडे द्या, मामा."

"कशाला? आता तुमी बिलकुल कोनाला देनार न्हाई."

दोन वर्षांपूर्वी मामा निवृत्त होऊन टेंभुर्णीला गेले. जाताना डबा ठेवून गेले. आता फ्यूज नाहीत; काम असलं की बोर्ड बंद करून त्याला कुलूप लावतात. त्याची किल्ली डब्यात असते आणि डबा मंगलकडे. तो तिनेच मागून घेतला. मध्यंतरी खुद्द शेठ किल्ली मागायला आले तेव्हा ती म्हणाली, "वायरमन आत काम करून राह्यलेत. ते बाहेर येऊ द्या, मंग त्यांनाच दोनदा इचारते." शेठ बाकावर बसून राहिले.

दर खंडेनवमीला सकाळी मामांचा फोन येतो. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"डबा कोनाकडंय?"

"मंगलकडे."

"मंग बराबर," म्हणतात आणि फोन ठेवतात.